पट, पगार आणि पोच

ताई, सप्रेम नमस्कार.
मी ३२ वर्षांची. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी विनाअनुदानित विशेष शाळेत शिकवते. आधी साधं डी.एड. झालं होतं, टीईटीही पास आहे. पण शेजारच्या घरातल्या एका मुलामुळे या कामाची ओढ लागली आणि पुढे विशेष शिक्षणातलं बी.एड. केलं. आठ वर्षं झाली. पगार नऊ हजार, तोही दोन-तीन महिन्यांनी एकदम. घरचे वाईट नाहीत. पण सासूबाई म्हणतात, "पुण्याचं काम आहे, मान्य. पण पुण्यावर किराणा मिळत नाही." नणंद झेडपीच्या शाळेत आहे, ती म्हणते शिक्षक भरतीची परीक्षा दे आणि मोकळी हो.
जूनमध्ये एक आई सात वर्षांच्या मुलाला घेऊन आली. त्याला ऑटिझम आहे. गावच्या शाळेने "आमच्याकडे जमणार नाही, विशेष शाळेत घाला" म्हणून पाठवलं होतं. तिला मात्र तो बहिणीबरोबर गावच्याच शाळेत जायला हवा होता. मी म्हटलं, शाळा असं नाकारू शकत नाही, आणि तिला अर्ज लिहून दिला. तिथल्या मुख्याध्यापकांनी आमच्या सचिवांना फोन केला. सचिवांनी मला बोलावून विचारलं, "आपलाच पट कमी करायचा पगार घेता का? शिकवायचं काम करा, वकिली करू नका." तपासणी आली की न येणाऱ्या मुलांची हजेरीही आम्हालाच भरावी लागते, त्यामुळे पटाची काळजी मला कळते. पण माझं चुकलं का? आणि हे काम जन्मभर करावं का?
– एक विशेष शिक्षिका

बाई,

चुकलं नाही. ते आधी सांगून टाकते, कारण दुसऱ्या प्रश्नाला जरा वेळ लागणार आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चं कलम १६ असं आहे की सरकारचं अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळांनी दिव्यांग मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यावा आणि त्यांच्या गरजेप्रमाणे सोयीही कराव्यात. त्या कलमात दिव्यांगत्वाच्या टक्क्यांची अट नाही. टक्के येतात ते कलम ३१ मध्ये. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, घराजवळच्या शाळेत किंवा त्याला हव्या त्या विशेष शाळेत. म्हणजे निवड मुलाची आणि त्याच्या घरच्यांची. गावच्या मुख्याध्यापकांची नाही, आणि तुमच्या सचिवांचीही नाही. उद्या त्याच आईने "मला तुमच्याच शाळेत घालायचंय" म्हटलं असतं तर तेही तितकंच बरोबर ठरलं असतं. विशेष शाळा वाईट आणि गावची शाळा चांगली असं काही मी मानत नाही. ज्या मुलाला दिवसभर एका माणसाची सोबत लागते, ज्याला फिट्स येतात, ज्याला अजून शी-शू सांगता येत नाही, त्याला चाळीस मुलांच्या वर्गात नुसतं बसवून ठेवणं हेही नाकारणंच असतं. पण ते कुणी ठरवायचं, एवढाच मुद्दा आहे.

तर सल्ला बरोबर दिलात. फक्त पत्रात मला एक गोष्ट दिसली नाही. त्या अर्जाची पोच घेतली का?

शाळा "नाही" कधीच लेखी देत नाही. "बघू", "जागा नाही", "सर रजेवर आहेत", "त्याला त्रास होईल हो, तुमच्याच भल्यासाठी सांगतो" असं तोंडी चालतं, आणि जून संपून जुलै येतो. अर्जावर आवक क्रमांक पडला, शिक्का बसला, दुसरी प्रत आईच्या पिशवीत गेली, की सूर बदलतो. दोन आठवडे वाट बघून त्या प्रतीची झेरॉक्स जोडून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, तिथे हललं नाही तर जिल्हा परिषदेत प्राथमिकच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे, आणि शेवटी पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडे. आयुक्तांना या कायद्याखाली साक्षीला बोलावण्याचे, कागद मागवण्याचे, दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. बहुतेक प्रकरणं तिथवर जात नाहीत. गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या टेबलावरच मिटतात, कारण तिथे पोच दाखवता येते.

दुसरं, पुढच्या वेळी अर्ज तुमच्या अक्षरात नको. मजकूर सांगा, शुद्धलेखन तपासा, पण लिहू दे तिला. तिला लिहिता येत नसेल तर तिच्या भावाला, शेजारच्या कॉलेजच्या मुलीला. तुमच्या अक्षरातला कागद गेला की भांडण आई आणि शाळा यांच्यात राहत नाही, दोन संस्थांमध्ये होतं. झालंही तसंच: मुख्याध्यापकांनी आईला उत्तर दिलं नाही, तुमच्या सचिवांना फोन लावला. आणि त्या बाईला अजून दहा-बारा वर्षं असेच कागद लिहायचे आहेत. यूडीआयडी या दिव्यांग ओळखपत्रासाठी, दहावीला लेखनिक आणि जादा वेळ मिळावा म्हणून, एसटीच्या सवलतीसाठी, पुढे पालकत्वासाठी. दर वेळी तुम्ही असणार नाही.

या क्षेत्रात जे काही उभं राहिलंय ते बघा. मुंबईतली जय वकील शाळा १९४४ ची, वकील आडनावाच्या दांपत्याने आपल्या मुलीसाठी सुरू केलेली. १९७२ साली मिठू अलूर यांनी मुंबईत सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी स्पास्टिक्स सोसायटी काढली, तीही मुलीमुळे. नाशिकच्या प्रबोधिनी शाळेमागे रजनीताई लिमये आणि त्यांचा मुलगा. यातल्या कुणी "विशेष शिक्षणात करिअर करावं का" असा प्रश्न घेऊन बसलं नव्हतं. घरात मूल होतं आणि बाहेर शाळा नव्हती. आपण शिक्षक मंडळी नंतर आलो, पगारावर आलो. म्हणून मला वाटतं की वकिली आईनेच करायची. आपण तिच्या हातात कागद द्यायचा, कलम सांगायचं आणि एक पाऊल मागे उभं राहायचं. सचिवांच्या वाक्यात तथ्य असलंच तर एवढंच.

शिकवणं आणि वकिली वेगळी काढता येते, हे मात्र मला पटत नाही. तुम्ही मुलाची आयईपी, म्हणजे त्याची वैयक्तिक शिक्षण योजना, लिहिता ना? त्यात "वर्षअखेर अमुक करेल" असं म्हणता, तेव्हा ते करायला त्याला जागा, वेळ आणि माणूस लागेल असं तुम्ही लिहूनच देत असता. शर्टाचं बटण लावायला शिकवलं आणि घरी आजी रोज सकाळी घाईत स्वतःच लावून देत असेल, तर आजीशी बोलणं हे शिकवण्यातच येतं. गावच्या शाळेच्या बाईंशी बोलणंही त्यातच.

आणि आता तुम्ही करायला हवं ते हेच. प्रवेश मिळाला की खरी अडचण सुरू होते. त्या वर्गाच्या बाई दुष्ट नाहीत, घाबरलेल्या आहेत. त्यांना ऑटिझमवर एक दिवसाचं प्रशिक्षण झालं असेल, तेही जेवणानंतरच्या पेंगेत. त्यांच्यासाठी एक पान लिहा. फक्त एक, सुवाच्य, मराठीत. त्या मुलाबद्दल, ऑटिझमबद्दल नाही. तो पाणी कसं मागतो. नावाने हाक मारून बघत नसेल तर कशाने बघतो. सकाळचा परिपाठ लाउडस्पीकरवर होत असेल आणि तो कान झाकून ओरडत असेल, तर पहिला आठवडा परिपाठ संपल्यावर आत येऊ दे. घंटेच्या आधी कुणीतरी त्याला "आता घंटा होणार" सांगू दे. खिचडीच्या रांगेत सगळ्यांत पुढे किंवा सगळ्यांत शेवटी, मध्ये नको, कारण मध्ये मागून-पुढून धक्के लागतात. बहीण कोणत्या वर्गात आहे ते लिहा, पण दर वेळी तिला बोलावू नका असंही लिहा. तिलाही शाळा आहे. त्याला काय येतं ते सुरुवातीला लिहा, काय येत नाही ते शेवटी. हे पान आईने वर्गशिक्षिकेच्या हातात द्यायचं.

गटसाधन केंद्रात, म्हणजे शिक्षण खात्याच्या तालुक्याच्या केंद्रात, समग्र शिक्षा या सरकारी योजनेची विशेष शिक्षिका असेल, तिला फोन करा. तुमच्याच शिक्षणाची बाई आहे ती, करारावर काम करत एवढ्या गावांतून फिरत असते की एकेका मुलापर्यंत पोचायला तिला किती दिवस लागत असतील देव जाणे. तिला हे पान हवंच असणार.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. तो तुम्ही एक विचारलाय, पण मला त्यात दोन दिसतात. हे काम करावं का, आणि या शाळेत करावं का.

शाळेचं आधी. तुमच्या पत्रात हजेरीची ओळ आहे. न येणाऱ्या मुलांची हजेरी भरतो, असं तुम्ही सहज लिहून पुढे गेलात, जणू सचिवांची बाजू समजून घेताय. बाई, त्या हजेरीपटावर सही तुमची आहे. चौकशी लागली तर सचिव म्हणतील, वर्गशिक्षिकेने भरली, मला काय माहीत. विनाअनुदानित शाळेला पटाची धास्ती असते, कारण मान्यता टिकवायची आणि कधीतरी अनुदान मिळेल ही आशा, दोन्ही पटावर अवलंबून. ती धास्ती मला कळते. पण खोटी हजेरी भरणाऱ्या हाताने दुसऱ्याच्या हक्काचा अर्ज लिहिला की तो अर्ज लंगडा होतो. उद्यापासून नाही म्हणा. भांडू नका, भाषण करू नका. "जेवढी मुलं आली तेवढीच लिहीन" एवढंच. त्यावर ते काय करतात ते बघा, म्हणजे या शाळेत राहायचं की नाही ते कळेल. माझा अंदाज विचाराल तर, नाही.

पगाराचंही लेखी मागा. नेमणूकपत्र आहे का? पगार बँकेत येतो की पाकिटात? थकलेल्या महिन्यांची यादी करून एक साधं पत्र द्या, अमुक महिन्यांचा पगार बाकी आहे, कृपया तारीख कळवावी. त्याचीही पोच घ्या. सासूबाईंचं वाक्य मला फार आवडलं. आपल्या क्षेत्रात पगार कमी राहिले त्याला पैशाची टंचाई कारण आहेच, पण "किती पुण्याचं काम करता हो तुम्ही" हेही कारण आहे. देणगीदार इमारतीला देतात, बसला देतात, दिवाळीला फराळ घेऊन येतात, फोटो काढतात. बाईंच्या पगाराला कुणी देणगी देत नाही. आणि आपणही संकोचतो, की या मुलांच्या नावाने आपण पैसे कसे मागायचे. मागा. चांगल्या बाई पाच-सात वर्षांत थकून जातात आणि मुलांना दर दोन वर्षांनी नवं माणूस मिळतं. ज्या मुलाला नव्या माणसाची सवय व्हायलाच सहा महिने लागतात, त्याचं यात किती नुकसान होतं हे तुम्हाला मी सांगायला नको.

नणंदेचं ऐका. परीक्षा द्या. "मोकळी हो" हे मात्र तिचं मनातून काढून टाका, कारण तुम्ही मोकळ्या होणार नाही. ३० मुलांच्या झेडपीच्या वर्गात दोन-तीन मुलं अशी असतातच ज्यांना वाचता येत नाही, ज्यांना ऐकू कमी येतं आणि कुणाच्या लक्षात आलेलं नाही, ज्यांना "मठ्ठ" म्हणून मागे बसवलंय. त्यांच्यासमोर विशेष शिक्षणातली बी.एड. झालेली बाई उभी राहिली तर तो काही या क्षेत्राचा तोटा नाही. जूनमधल्या त्या मुलाला ज्या वर्गाने परत पाठवलं, त्या वर्गात तुम्ही असता तर? अर्ज, पोच, गटशिक्षणाधिकारी, काहीच लागलं नसतं.

पण तुमचं मन विशेष शिक्षकाच्याच कामात असेल तर तिथेही दार अगदीच बंद नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये रजनीश कुमार पांडे यांच्या खटल्यात सांगितलं की प्राथमिकला दहा आणि माध्यमिकला पंधरा दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा, आणि तोही कायमचा. पुढे २०२५ मध्ये राज्यांना मंजूर पदं जाहीर करून भरती करायला पुन्हा बजावलं, यावरूनच मधल्या वर्षांत काय झालं ते समजा. आपल्या राज्यात २०२४ साली मंत्रिमंडळाने केंद्रस्तरावर, म्हणजे काही शाळांच्या गटामागे, विशेष शिक्षकांच्या ४,८६० पदांना मान्यता दिली. वर्षानुवर्षं करारावर राबलेल्या लोकांना त्यात आधी सामावून घेणार, आणि ते न्याय्यच आहे. उरलेल्या जागांकडे डोळे लावून बसू नका, जाहिरातींवर लक्ष ठेवा. जिल्हा रुग्णालयाला जोडलेल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रातही विशेष शिक्षकाची जागा असते. तिथे शून्य ते सहा वयाची मुलं येतात, आणि मला विचाराल तर या कामातला सगळ्यांत जास्त फरक त्याच वयात पडतो. पुण्या-मुंबईच्या खासगी शाळांतही मागणी आहे. सीबीएसईने २०१५ पासून आपल्या शाळांना विशेष शिक्षक नेमायला सांगितलेलं आहे. पण तुमचं घर सांगली जिल्ह्यात आहे आणि शहरातला फ्लॅट त्या पगारात परवडत नाही, तेव्हा त्यावर जास्त बोलत नाही.

आता जन्मभराचं.

या कामात वर्षं कशी जातात ते आठ वर्षांत तुम्हाला दिसलं आहे. बाहेरच्यांना वाटतं आपल्याला फार धीर लागतो. धीरापेक्षा नोंदवही लागते. बटण लावायचं काम आपण बारा पायऱ्यांत मोडतो, शेवटची पायरी आधी शिकवतो म्हणजे पूर्ण झाल्याचा आनंद मुलाला पहिल्या दिवशी मिळतो, मग एकेक पायरी मागे सरकतो. मार्चमध्ये वाटतं, काहीच झालं नाही. जूनची नोंद उघडली की दिसतं, तेव्हा तो शर्टाला हातही लावू देत नव्हता. ज्यांनी नोंदी ठेवल्या नाहीत त्या बाई लवकर खचल्या, असं मी बघितलंय.

काही गोष्टी बी.एड.ला कुणी सांगत नाही. चावे बसतात, केस ओढले जातात, चाळिशीनंतर पाठ बोलते. वयात येताना काही मुलं मिळवलेलं गमावतात आणि आपल्याला वाटतं आपलंच काही राहिलं. काही मुलं जातात. हृदयाचा आजार असलेली, वारंवार फिट्स येणारी, ज्यांना घास गिळता येत नाही अशी. दुसऱ्या दिवशी वर्ग घ्यावाच लागतो. यासाठी गावात नाही तरी जिल्ह्यात चार विशेष शिक्षिकांची ओळख ठेवा. महिन्यातून एकदा फोनवर रडायला तरी.

आणि मुलं मोठी होतात. आपल्या शाळांतून बडबडगीतं, रंग, आकार यांत इतकी वर्षं जातात की पंधराव्या वर्षीही मुलगा लाल ठोकळा लाल ठोकळ्यावर ठेवत असतो. तुमच्याकडे आत्ता जी बारा-तेराची मुलं असतील त्यांच्या आयईपी काढून बघा. पन्नासची नोट ओळखणं, अंघोळ एकट्याने करणं, दार लावून कपडे बदलणं, मुलींना पाळीचं पॅड बदलणं, कुणी नको तिथे हात लावला तर "नाही" म्हणून तिथून निघून येणं, हे त्यात आहे का? "आमच्या माघारी याचं काय?" हा प्रश्न प्रत्येक आईबापाच्या मनात असतो आणि शाळेत पालकसभेला तो कुणी विचारत नाही. तुम्ही विचारा. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुविध दिव्यांगत्व असेल तर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली अठरा पूर्ण झाल्यावर कायदेशीर पालक नेमता येतो. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची स्थानिक स्तर समिती असते. निरामय नावाचा वर्षाला एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे. हे दोन्ही ठाऊक नसलेली घरं मला आजही भेटतात, आणि मुलगा पंचविशीचा झालेला असतो. पालकसभेत झेंडावंदनाच्या गणवेशावर अर्धा तास जातो, त्यातली पंधरा मिनिटं याला द्या. सचिवांना यात हरकत घेण्यासारखं काही सापडणार नाही. उलट शाळेचं नाव होईल.

तर जन्मभर करा, असं मी सांगत नाही, नका करू असंही नाही. पुढची दोन वर्षं ठरवा. त्यात परीक्षा द्या, थकलेला पगार वसूल करा, हजेरीची सही थांबवा, आणि त्या सात वर्षांच्या मुलाचं पान लिहून द्या. दोन वर्षांनी तुम्ही झेडपीच्या वर्गात असाल किंवा गटसाधन केंद्राच्या जीपमध्ये, तिथून पुढचं ठरवता येईल. घरी सासूबाईंना हे सगळं सांगा. ज्यांना किराण्याचा हिशेब कळतो त्यांना दोन वर्षांचं गणित पटतं.

एक राहिलं. भारतीय पुनर्वास परिषदेचा तुमचा सीआरआर क्रमांक, म्हणजे विशेष शिक्षिका म्हणून असलेली नोंदणी, चालू आहे ना? नूतनीकरण दर पाच वर्षांनी लागतं आणि त्याला सीआरई, म्हणजे सतत शिक्षणाच्या, कार्यशाळांचे गुण भरावे लागतात. विनाअनुदानित शाळा कार्यशाळेला सोडत नाहीत, म्हणून अनेकींचं राहून जातं, आणि मग कागदपत्रं तपासायच्या दिवशी नाव कटतं. प्रमाणपत्र काढून तारीख बघा. गुण कमी असतील तर दिवाळीच्या सुट्टीत कुठे कार्यशाळा आहे ते आत्ताच शोधून ठेवा.

– ताई